दवाखान्यातला केर आणि त्याचा धनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही "दवाखान्यातला केर" असे उत्तर दिले. चालक सभ्य गृहस्थ. ते हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे त्या सुया, रक्ताचे बोळे वगैरे ना?" आम्ही म्हणालो, नव्हे. सुयांना आणि बोळ्यांना धनी मिळाला आहे. त्यांच्यासाठी कायदा आहे, रंगीत पिशव्या आहेत, नोंदवही आहे, त्यांना नेणारी निराळी गाडी आहे. आम्हांला बोलावयाचे आहे ते उरलेल्या केराविषयी. रुग्णाच्या नातेवाइकाने टाकलेला भाकरीचा तुकडा, मोसंबीची साल, चहाचा कागदी पेला, औषधांची रिकामी खोकी, अंगणातल्या लिंबाचा पाला, जुने केसपेपर आणि शहाळ्यांच्या कवट्या, हा आमचा विषय.

विषय हलका वाटेल. पण वजनाने तो हलका नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की आरोग्यसेवेतून निघणाऱ्या शंभर भाग कचऱ्यापैकी सुमारे ८५ भाग हा साधा, घरच्यासारखाच कचरा असतो. उरलेल्या सुमारे १५ भागांत धोका असतो. त्या पंधरा भागांवर पुस्तके आहेत, परिषदा आहेत. पंच्याऐंशी भागांचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. कारण तो सांगू लागले की केराबरोबर केर उचलणाऱ्या माणसाचाही सांगावा लागतो.

उदाहरणासाठी गाव घेऊ ते शेजारचेच, पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुढचे स्थानक पिंगळीचे. कोणी म्हणेल, रुग्णालयाच्या कचऱ्याचा प्रश्न मुंबई-पुण्याचा; त्यात पिंगळी कोठून आली? आमचे मत उलटे आहे. शहरातला कचरा शहराच्या गाडीत पडतो आणि दृष्टीआड होतो. पिंगळीएवढ्या गावात तो दृष्टीआड व्हावयास जागाच नाही. भिंतीमागे टाकला तर भिंतीमागे दिसतो, पेटविला तर त्याचा धूर ओसरीवर येतो, आणि वारा सुटला की तो शेजारच्या कापसात जाऊन बसतो. म्हणून प्रश्नाचे खरे रूप खेड्यात लवकर कळते.

जुन्या गावाला कचरा ठाऊक नव्हता असे नव्हे; पण त्याला ठिकाण होते. घरातली राख, शेण, गोठ्यातले उष्टे गवत, भाजीचे देठ हे सारे उकिरड्यावर जात असे आणि वैशाखात गाडीत भरून रानात पडत असे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते अशी म्हण आपल्यात आहे. शेतकऱ्याच्या उकिरड्याचे दैव दरसाल उघडत असे. उकिरड्याला धनी होता, कारण त्याची किंमत होती. ज्याला किंमत नव्हती, जसे मेलेले जनावर किंवा चावडीपुढचा केर, ते मात्र गावाने जात पाहून नेमून दिले होते. ही दोन निरनिराळी व्यवस्था होती, हे ध्यानात ठेवावे. किंमत असलेला केर घरधन्याचा, आणि किंमत नसलेला केर गावकुसाबाहेरच्या माणसाचा.

दवाखान्याचेही सुरुवातीला तसेच होते. आमच्या लहानपणी, १९७५-८० च्या सुमारास, खेड्यातल्या माणसाने दवाखान्यात जाताना घरून बाटली न्यावयाची, कंपाउंडरने तीत लाल किंवा पांढरे मिक्स्चर भरावयाचे आणि मात्रा कळावी म्हणून कागदाची कातरलेली पट्टी बाटलीवर डकवावयाची, अशी रीत होती. मलम घरच्या डबीत मिळे. गोळ्या कागदाच्या पुडीत. पिचकारी काचेची, ती उकळून पुन्हा वापरीत. पिचकाऱ्या उकळण्यात कसूर झाली तर काय होत असे हे आम्ही विसरलेलो नाही. जुने ते सारे सोने होते असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पण त्या दवाखान्यातला दिवसाचा केर एका सुपलीत मावत असे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता जरा दूर जावे लागेल, कारण रुग्णालयाच्या केराला प्रथम ज्यांनी गंभीरपणे घेतले ते लोक रणभूमीवर भेटतात. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल कॉन्स्टॅंटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोचली, ती क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी शिपायांसाठी. तिच्या दिव्याची गोष्ट शाळेत सर्वांनी वाचली आहे. परंतु तिच्या शुश्रूषेनंतरही मृत्यू कमी झाले नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारीत शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ मरत होते. मार्चमध्ये विलायतेहून स्वच्छतेची पाहणी करणारे मंडळ आले. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे धुऊन काढविली, आवारात साचलेली घाण हातगाड्यांनी वाहून नेवविली, मेलेली जनावरे पुरविली. पाण्याच्या पाटात तर घोडा मरून पडलेला होता. जूनपर्यंत तेच मरणाचे मान शंभरात सुमारे दोनावर आले. औषध बदलले नव्हते. केर निघाला होता.

या बाईंनी पुढे आकड्यांनी हे सिद्ध करून सरकारापुढे मांडले आणि हिंदुस्थानात एकदाही न येता त्या हिंदुस्थानच्या गावांच्या स्वच्छतेविषयी उतारवयापर्यंत लिहीत राहिल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपण आज जेथे बसलो आहोत तशा सभांचे कूळ तेच. त्याच रानड्यांच्या वावराने गाजलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी नाइटिंगेलबाईंनी १८८९ च्या सुमारास ग्रामस्वच्छतेवर पत्रव्यवहार केला होता. तेव्हा केर हा विषय व्याख्यानाला शोभत नाही असे कोणास वाटत असेल, तर त्याला आमच्याहून थोर माणसांनी आधीच उत्तर दिले आहे.

त्याच १८८९ साली मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. तो किती चालला हा निराळा विषय. पण पिंगळीला तो लागूच नव्हता. पिंगळी, परभणी आणि अवघा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग आला, आणि इलाख्यातला माल व माणसे येथे पोचू लागली. कायदा मात्र सरहद्दीवर उतरून राही. १९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामाचे राज्य गेले, १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे सार्वजनिक स्वच्छतेच्या बाबतीत कोकणातल्या किंवा देशावरच्या खेड्याला जो दोन पिढ्यांचा सराव, बरा असो वाईट असो, मिळाला, तो आपल्याकडे झालाच नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाची यादी करताना लोक धरणे आणि रेल्वे मोजतात. ही गोष्टही त्या यादीत घालावी असे आम्हांस वाटते.

मुंबईत काय चालले होते ते पाहू. १८४५ साली जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय आणि त्याला जोडून ग्रॅंट मेडिकल कॉलेज सुरू झाले. मोठे रुग्णालय म्हणजे एक गावच. त्यात स्वयंपाकघर आले, धोबीघाट आला, नातेवाइकांची गर्दी आली, आणि या साऱ्याचा केर आला. गावाप्रमाणेच या नव्या गावानेही केर जात पाहून नेमला. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आया अशी उतरंड लागली आणि सर्वांच्या खाली मेहतर. रुग्णाची परडी उचलणारा तोच, व्हरांडा झाडणारा तोच, उष्टे उचलणारा तोच. घातक काय आणि निरुपद्रवी काय हा विचार करण्याची गरजच कोणास भासली नाही. सगळे एकाच टोपलीत, आणि टोपली एकाच्याच डोक्यावर. आज आपण वर्गीकरण म्हणतो. त्या काळी कचऱ्याचे वर्गीकरण नव्हते, माणसांचे होते.

ही उतरंड मोडावी म्हणून ज्यांनी स्वतः झाडू हातात घेतला त्यांत अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव आम्ही आदराने घेतो. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरात उपवास आरंभला. उच्चवर्णीय सुशिक्षित माणसाला झाडू मिळावा म्हणून उपवास करावा लागतो, आणि ज्याच्या हातातला झाडू सुटावा त्याच्यासाठी कोणी अडत नाही, ही त्या प्रसंगातली विसंगती आमच्या चळवळीतले लोक बोलून दाखवितात. ती खरी आहे. तरी अप्पासाहेबांनी पुढे कणकवलीच्या गोपुरीत आयुष्य घालवून मैल्याचे व केराचे खत करण्याचे प्रयोग केले, म्हणजे किंमत नसलेल्या केराला किंमत आणण्याचा यत्न केला. ती वाट आम्हांला मोलाची वाटते. दुसरी वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखविली. १९३५ साली मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांचा संघ त्यांनी उभा केला. झाडू कोणी धरावा हा प्रश्न तेथे नव्हता. झाडू धरणाऱ्याला नोकर म्हणून, माणूस म्हणून काय मिळावे हा प्रश्न होता.

रुग्णालयातल्या खालच्या नोकरांना ते काय मिळाले, हे सांगणारा एक निकाल आहे. तो आम्ही शब्दकोश पुढ्यात घेऊन, महिनाभर रात्री जागून वाचला. आमचे शिक्षण असेच झाले. जे. जे. समूहाच्या रुग्णालयांतल्या दोन वॉर्ड-सेविकांना मुंबई सरकारने कामावरून कमी केले आणि त्यांच्या जागी पुरवठा खात्यातून सुटलेली माणसे घेतली. कमी करताना द्यावयाची भरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. सरकारचे म्हणणे, रुग्णालय हा काही धंदा नव्हे, उद्योग नव्हे, दयेचे काम आहे. तेथे औद्योगिक कलहाचा कायदा कसा लागेल? १९६० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. निकालपत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचे. त्यांनी नफा पाहिला नाही. मालक आणि नोकर मिळून लोकांना सेवा पुरविण्याचे संघटित काम करतात की नाही हे पाहिले आणि रुग्णालय हा उद्योग ठरविला. १९७० साली दिल्लीच्या एका रुग्णालयाच्या खटल्यात हे मत पुसले गेले. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा उभे केले. वॉर्ड झाडणाऱ्या बाईच्या नोकरीवरून देशाच्या कायद्यातली "उद्योग" या शब्दाची व्याख्या अठरा वर्षे हेलकावत होती, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पण झाडणाऱ्या बाईंना कोणी सांगितलेले नसते. आम्ही सभांतून सांगतो.

मालक मंडळींनी यातून बोध घेतला तो निराळाच. नोकर ठेवला की कायदा लागतो. मग नोकरच ठेवू नये. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला तो कंत्राट नियमात आणण्यासाठी आणि जमेल तेथे बंद करण्यासाठी. पण पुढल्या काळात रुग्णालयांची साफसफाई हीच कंत्राटाची पहिली जागा ठरली. मेहतर गेला, हाउसकीपिंग आले. वेश आला, पाठीवर कंपनीचे नाव आले. गावे मात्र बहुधा तीच आणि आडनावेही बहुधा तीच.

खेड्यात दवाखाना आला तो भोर समितीच्या शिफारशीतून. १९४६ च्या त्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली तिच्याबरोबर ही केंद्रे निघू लागली, आणि महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर ती त्यांच्या हाती गेली. मैदानी मुलखात तीस हजार वस्तीला एक केंद्र, त्याला चार-सहा खाटा आणि सहाएक उपकेंद्रे, असे मान ठरले. कागदावर डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता साऱ्यांच्या जागा आहेत. केर काढणाऱ्याची जागा आहे. पण उपकेंद्रात पाहाल तर ती अर्धवेळ स्त्री परिचराची आहे. अर्धवेळ म्हणजे काय? केर अर्धा दिवसच पडतो काय? मानधन अर्ध्या वेळेचे, आणि बाळंतपण रात्री दोनला झाले तर खोली धुवावयास मावशीच. "मावशी" म्हणतात तिला सगळे, डॉक्टरसुद्धा. मावशी म्हटले की पगाराचे बोलणे निघत नाही.

१९८६ साली आपल्या देशात एड्सची पहिली लागण सापडली आणि पुढच्या काही वर्षांत काचेची पिचकारी गेली, एकदा वापरून टाकावयाची आली. ते योग्यच झाले. पण सुईचा हिशेब करणाऱ्यांनी सुईच्या वेष्टनाचा केला नाही. सुई एक, तिला प्लॅस्टिकचे वेष्टन, शंभर वेष्टनांचे खोके, खोक्यांचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पट्टी. सलाईनची काचेची बाटली जाऊन प्लॅस्टिकची आली. गोळ्यांच्या पुडीची जागा चकचकीत पट्ट्यांनी घेतली. नातेवाइकाच्या पितळी तांब्याची जागा पाण्याच्या विकतच्या बाटलीने घेतली. धोक्याचा एक भाग वाढला की त्याच्यामागे साध्याचे पाच वाढतात. सुपलीचे पोते झाले ते असे.

मग कायदा जागा झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कचऱ्यासंबंधीच्या एका खटल्यात पन्नासांहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळण्याच्या भट्ट्या बसविण्यास सांगितले, आणि १९९८ च्या जुलैत जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या मार्चमध्ये ते नव्याने लिहिले गेले. पिवळी, तांबडी, पांढरी, निळी अशी रंगांची व्यवस्था झाली; अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काळ असा कचरा ठेवू नये असे ठरले; जेथे सामाईक भट्टीची सोय पोचत नाही अशा खेड्यात दोन मीटर खोल खड्ड्यात पुरून वर चुना व माती घालावी असे ठरले. चांगले नियम आहेत. आम्ही त्यांच्यावर टीका करावयास आलेलो नाही.

पण साध्या कचऱ्याविषयी या नियमांनी काय सांगितले? एवढेच की तो वेगळा ठेवा आणि नगरपालिकेच्या हवाली करा. २०००च्या दुरुस्तीत तर स्पष्टच आले की वेगळा केलेला साधा कचरा गावची पालिका उचलून नेत राहील. परभणीत पालिका होती, २०११ पासून महापालिका आहे. पिंगळीत पालिका कोठली? शहरी कचऱ्याचे २००० चे नियम शहरापुरते होते. २०१६ च्या एप्रिलात ते नव्याने झाले तेव्हा त्यांची कक्षा रेल्वे, विमानतळ, तीर्थक्षेत्रे, मोठ्या वस्तीची जनगणना-नगरे इथवर वाढविली; साध्या ग्रामपंचायतीपर्यंत ती आली नाही. म्हणजे खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या पंधरा भाग कचऱ्याला दिल्लीपासून धनी होता, आणि पंच्याऐंशी भागांना वेशीपर्यंतही नव्हता. १८८९ चा कायदा सरहद्दीवर उतरला तसे हे नियम गावाच्या शिवेवर उतरले. २०२० साली स्वच्छ भारत मोहिमेचा ग्रामीण भागातला दुसरा टप्पा आला, पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला एक हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला गेला, तेव्हा कोठे ग्रामपंचायतींच्या हिशेबात घनकचरा हा शब्द पडला. त्याआधी २००० सालापासून संत गाडगेबाबा अभियानाने गावे झाडली होती, हे विसरू नये. पण अभियान स्पर्धेच्या दिवसापुरते आणि केर रोजचा.

मग धनी नसलेल्या केराचे काय होते? पेटवितात. हा महाराष्ट्रभरचा शिरस्ता आहे. आवाराच्या मागे काळा पडलेला एक कोपरा पुष्कळ ठिकाणी आढळतो. पुठ्ठ्याबरोबर प्लॅस्टिक जळते आणि धूर दम्याच्या रुग्णाच्या खिडकीत जातो. नाही पेटविले तर अन्नावर उंदीर आणि कुत्री येतात. आणि शहाळी! आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे न्यावयाचे ही आपली माया. पिऊन झालेली कवटी आवारात पडते, पावसाळ्यात तीत पाणी साठते, त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. रुग्णालयाच्या अंगणात रुग्णालयाचेच पुढले गिऱ्हाईक तयार होत असते. निरुपद्रवी कचरा म्हणतात तो हा.

२०२० च्या साथीत सगळ्या देशाने हा धडा एकदम गिरविला. आरंभी भीतीपोटी कोविडच्या वॉर्डातले सगळेच, उरलेले जेवण, पाण्याच्या बाटल्या, पत्रावळ्या, पिवळ्या पिशवीत जाऊ लागले. भट्ट्यांवर त्याचा भार पडला. ओले अन्न आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या जाळणे हे भट्टीचे काम नव्हे. त्याच वर्षी जुलैत केंद्रीय प्रदूषण मंडळाने सुधारित सूचना काढून सांगितले की दूषित नसलेले अन्न, वेष्टने, बाटल्या हा साधा कचरा समजावा. साध्याला घातकात टाकले की भट्टी गुदमरते. घातकाला साध्यात टाकले की माणूस मरतो. यातला दुसरा प्रकार आमच्या घरचा आहे, तो सांगतो.

मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात, गाव व नाव सांगण्याचे कारण नाही, कंत्राटदाराकडे कामाला असलेली आमची एक सभासद साध्या कचऱ्याची बादली भरली म्हणून हाताने दाबत होती. आणखी मावावे एवढाच हेतू. पिशव्या मोजून मिळत. आत सुई होती. ती तळहातात शिरली. बाई घाबरून आमच्याकडे आल्या, आम्ही त्यांना घेऊन कचेरीत गेलो. तेथे उत्तर मिळाले की साध्या कचऱ्यात सुई असूच शकत नाही. नियमात नाही, म्हणून बादलीत नाही! आम्ही म्हणालो, कावीळ ब ची लस द्या. तर २०१६ च्या नियमांत लस आहे ती जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना. कंत्राटदार म्हणाला, माझी बाई तर साधा कचरा उचलते. अक्षरशः खरे होते ते. त्याच्याकडे तसा करारच होता.

त्यावर संघटनेने मागणी केली ती विचित्र वाटेल. आम्ही म्हणालो, काही दिवस सर्व बादल्या आवारात ताडपत्रीवर ओतू, तुमच्या सिस्टर आणि आमच्या मावश्या मिळून पाहतील. जाड हातमोजे आणि चिमटे आम्ही मागून घेतले. पहिल्या दिवशी सिस्टर नाखूष होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच वाकून पाहू लागल्या. ओझ्याचा मोठा वाटा निघाला नातेवाइकांचा: अन्न, शहाळी, बाटल्या, वर्तमानपत्रे. कारण उघडच होते. नातेवाईक बसतात त्या व्हरांड्यात एकही बादली नव्हती, म्हणून ते आत येऊन दिसेल त्या रंगाच्या बादलीत टाकीत. ती रंगीत बादली त्यामुळे दुपारीच भरे. मग रात्रपाळीच्या सिस्टरला घाईत पिचकारी ठेवावयास जागा उरत नसे, आणि ती जवळच्या काळ्या बादलीत पडे. मावशीच्या तळहातातली सुई अशी व्हरांड्यातल्या भाकरीच्या तुकड्यापासून निघाली होती. यात दुष्ट कोणी नव्हते. बादली चुकीच्या जागी होती, आणि ती कोठे असावी हे विचारण्याचा अधिकार जिला होता तिला ठाऊक नव्हते, व जिला ठाऊक होते तिला कोणी विचारीत नव्हते.

बादल्या हलविल्या. व्हरांड्यात दोन ठेवल्या, एक ओल्याची, एक सुक्याची. पुठ्ठा आणि बाटल्या भंगारवाल्याला देण्याचे ठरले, त्याचे पैसे कोणाचे यावर मात्र तीन बैठका झाल्या. किंमत आली की धनी लगेच पुढे येतात. ओल्याच्या बाबतीत आम्ही एक जुने पुस्तक पुढे केले. इंदूरच्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. हॉवर्डचे नाव जगभर झाले. वाड आपले, त्यांचे नाव आपल्यालाच ठाऊक नाही. पद्धत कोणालाही जमेल अशी आहे: पाला, उष्टे, शेणकाला, थोडी माती व राख यांचे थर, ओल राखावयाची आणि ठरावीक दिवसांनी उलथापालथ करावयाची. आवारात लिंबाचा पाला आणि उष्टे दोन्ही होते. शहाळी मात्र तशी कुजत नाहीत. ती कोयत्याने फोडून उपडी टाकावी लागतात, हे मावश्यांनी आम्हांला शिकविले. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पिंगळीसारख्या गावात शेण आहे, पाला आहे, उकिरड्याची जाण असलेली माणसे आहेत. आरोग्य केंद्राचा साधा केर तेथे एका खड्ड्याचे काम आहे, फक्त त्यात काच, प्लॅस्टिक आणि पट्ट्या जाता कामा नयेत, आणि ते पाहणारी व्यक्ती अर्धवेळ असून भागणार नाही.

आमच्या सभासद बाईंच्या रक्ताच्या तपासण्या पुढे काही महिने चालल्या. पहिल्या तपासणीच्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत; कंत्राटदाराने खाडा मांडला, तो आम्ही काढवून घेतला. तपासण्या निर्मळ निघाल्या. लसीची तीन इंजेक्शने त्यांना मिळाली, आणि त्यांच्या मागोमाग पाळीतल्या सर्व मावश्यांना व मामांना, साधा कचरा उचलणाऱ्यांनासुद्धा. एक नवी नोंदवहीही निघाली. जैववैद्यकीय कचऱ्याची छापील वही तेथे होतीच. ही शंभर पानी, घरच्या रेघा मारलेली. साध्या कचऱ्याच्या बादल्या किती, ओल्या किती, सुक्या किती, आणि शेवटच्या रकान्यात "आत काय सापडले". ती वही लिहिण्याचे काम त्याच बाईंकडे आले. त्यांना अक्षरओळख बेताची होती. पहिले काही दिवस त्या रकान्यात त्या सुईचे चित्र काढीत.